तानुबाई बिर्जे : सहा वर्षं ‘दीनबंधू’ चालवणाऱ्या संपादक

दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात आणि परत जाताना पिशवीत एखादं तरी पुस्तक घेऊन जातात. देशात पुस्तकांच्या एवढ्या रांगा लागणारी जत्रा दुसरी नसेल. आम्ही वस्तीतल्या अभ्यासगटाच्या मुलींना घेऊन या स्टॉलवर गेलो तेव्हा त्यांना एक काम दिलं होतं. पुस्तक किंवा मासिक हातात घ्यायचं, पहिलं पान उलटायचं आणि संपादक, प्रकाशक, मुद्रक म्हणून कोणाचं नाव छापलंय ते वहीत लिहायचं. मुली दोन तास फिरल्या. लेखिकांची नावं बऱ्यापैकी सापडली. प्रकाशक आणि संपादक या रकान्यात मात्र बाईचं नाव क्वचितच आलं.

त्यावरून एका मुलीने विचारलं, “आपल्या चळवळीत पेपर चालवणारी बाई झालीच नाही का?”

झाली होती, तीही शंभर वर्षांहून आधी. या लेखात आम्ही तिची, म्हणजे तानुबाई बिर्जे यांची माहिती देत आहोत. सोबत त्यांच्या काळात पेपर चालवणं म्हणजे काय होतं आणि त्याचा धागा आपल्या नागपूरशी कसा जुळतो, तेही मांडत आहोत. अभ्यासगट, वाचनालयं आणि स्वतःचं चॅनल किंवा पोर्टल सुरू करू पाहणाऱ्या तरुणांना ही माहिती उपयोगी पडावी, हा हेतू आहे.

जन्म आणि शिक्षण

तानुबाईंचा जन्म १८७६ साली पुण्यात झाला. वडील देवराव ठोसर हे महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी. सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ रोजी झाली होती. म्हणजे तानुबाई जन्मल्या तेव्हा समाज तीन वर्षांचा होता. फुल्यांच्या घराशी ठोसरांचा घरोबा असल्यामुळे मुलीला शिकवायचं की नाही हा प्रश्न त्या घरात पडलाच नाही. पुण्याच्या वेताळ पेठेतल्या शाळेत त्या शिकल्या.

त्या काळाचा अंदाज यावा म्हणून काही तारखा लक्षात ठेवाव्यात. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. १८५५ साली मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं. तानुबाई या परंपरेतल्या पुढच्या पिढीच्या. आधीच्या बायकांनी शाळा चालवली, निबंध लिहिला, पुस्तक लिहिलं. तानुबाईंच्या वाट्याला आलं ते साप्ताहिक.

१८९३ साली त्यांचा विवाह वासुदेवराव लिंबोजी बिर्जे यांच्याशी सत्यशोधक पद्धतीने झाला. वासुदेवराव बडोद्याला सयाजीराव गायकवाड महाराजांच्या संस्थानात ग्रंथपाल होते. वडिलांच्या घरी चळवळ आणि नवऱ्याच्या घरी ग्रंथ, अशी तानुबाईंची दोन विद्यापीठं झाली.

‘दीनबंधू’ म्हणजे काय

तानुबाईंचं काम समजण्यासाठी ‘दीनबंधू’ची गोष्ट माहीत असायला हवी. १ जानेवारी १८७७ रोजी कृष्णराव भालेकर यांनी पुण्यात हे पत्र सुरू केलं. शेतकरी, कामकरी आणि शूद्रातिशूद्रांची बाजू मांडणारं हे पत्र म्हणजे सत्यशोधक चळवळीचं मुखपत्रच. पैशांअभावी ते अडचणीत आलं, तेव्हा १८८० साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईला नेलं. भारतातल्या कामगार चळवळीचे जनक म्हणून आपण ज्यांना ओळखतो तेच हे लोखंडे. गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळावी म्हणून लढताना आणि विधवांच्या केशवपनाविरुद्ध नाभिक बांधवांना संघटित करताना त्यांच्या हाताशी हे पत्र होतं.

आंबेडकरी वाचकाने लक्षात ठेवावी अशी आणखी एक गोष्ट आहे. महाड तालुक्यातल्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे अस्पृश्य समाजातले आद्य पत्रलेखक. ते याच ‘दीनबंधू’तून लिहीत. म्हणजे ‘मूकनायक’ यायच्या कितीतरी आधी आपल्या माणसाचा आवाज या पत्रातून छापला जात होता.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी लोखंडे प्लेगने गेले. पुढच्याच महिन्यात, १० मार्चला, प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. चळवळीची एक आख्खी फळी या साथीने कापून काढली. लोखंड्यांच्या मागे ‘दीनबंधू’ची धुरा पुढे वासुदेवराव बिर्जे यांनी उचलली. १९०६ साली तेही प्लेगनेच गेले.

तानुबाई तेव्हा तीस वर्षांच्या होत्या.

विधवा आणि संपादक

१९०६ साली तीस वर्षांच्या विधवेकडून समाजाची अपेक्षा काय होती, हे वाचकांना सांगायची गरज नाही. घराच्या कोपऱ्यात बसायचं, कोणाच्या आश्रयाने दिवस काढायचे. तानुबाईंनी ‘दीनबंधू’ हाती घेतला आणि १९१२पर्यंत त्याचं संपादन केलं.

सहा वर्षं हा आकडा छोटा वाटू शकतो. पण साप्ताहिकाचा हिशेब वर्षांत करायचा नसतो, अंकांत करायचा असतो. वर्षाचे बावन्न आठवडे धरले तर सहा वर्षांत तीनशेच्या वर आठवडे होतात. आजारपण असो, पैशांची ओढाताण असो, घरात दुखवटा असो, आठवडा संपला की पुढचा अंक दारात उभा असतोच. ज्यांनी कधी भित्तिपत्रकाचे चार अंक सलग काढून पाहिलेत, त्यांना हे कळेल.

तेव्हाचं काम कसं चालायचं तेही पाहू. मजकूर हाताने लिहायचा. छापखान्यात शिशाचे खिळे एकेक उचलून ओळ जुळवायची. कच्चा छाप काढून तपासायचा, चुका दुरुस्त करायच्या, मग पान बांधून यंत्रावर चढवायचं. छापलेले अंक घडी घालून, पत्ते चिकटवून टपालात टाकायचे. आणि या सगळ्याहून अवघड काम म्हणजे वर्गणी. अंक वाचणारे पुष्कळ, वर्गणी वेळेवर पाठवणारे थोडे. ज्या वर्गासाठी हे पत्र होतं त्या वर्गाकडे पैसा नव्हता, आणि बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. एक अंक एकाने वाचायचा आणि दहा जणांनी ऐकायचा, अशी गत. ऐकणाऱ्यांमुळे पत्राचा प्रभाव वाढतो, वर्गणी वाढत नाही. बहुजनांच्या प्रत्येक पत्राला हा प्रश्न छळत आला आहे.

काळ कठीण होता

तानुबाई संपादक होत्या त्या सहा वर्षांत पत्रकारांवर सरकारची करडी नजर होती. १८६७च्या कायद्यानुसार छापखाना आणि पत्र चालवणाऱ्याला मॅजिस्ट्रेटसमोर आपलं नाव जाहीर करावं लागे. १९०८ साली ‘केसरी’तल्या लेखांवरून टिळकांवर खटला झाला आणि त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. १९१०च्या प्रेस कायद्याने नव्या छापखान्यांवर पाचशे ते दोन हजार रुपये जामीन ठेवण्याची सक्ती आणली. त्या काळचे पाचशे रुपये म्हणजे गरिबांच्या पत्रासाठी मोठीच रक्कम.

एकीकडे सरकार आणि दुसरीकडे उच्चवर्णीयांच्या हातातली बलाढ्य वृत्तपत्रं, अशा दोघांच्या मधून ‘दीनबंधू’ला वाट काढायची होती. राजकीय स्वातंत्र्य मागणारी काँग्रेस सामाजिक समतेबद्दल काय म्हणते, हा सत्यशोधकांचा जुना प्रश्न होता. स्वराज्य आलं तर ते कोणाचं असेल?

१९०९ साली मोर्ले-मिंटो सुधारणा आल्या. कायदेमंडळात कोण बसणार यावर चर्चा सुरू झाली. १९११ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं, पण ते पुढच्या वर्षी फेटाळलं गेलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ सालीच नोकऱ्यांत मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या होत्या. शिक्षण, नोकरी आणि प्रतिनिधित्व हे तिन्ही प्रश्न एकाच वेळी ऐरणीवर होते. तानुबाईंनी अग्रलेखांतून हेच प्रश्न हाताळले. १९१२ साली त्यांनी कायदेमंडळ आणि बहुजन समाजाचं प्रतिनिधित्व या विषयावर अग्रलेख लिहिला.

हा मुद्दा आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. बाईच्या हाती नियतकालिक आलं की तिने पाककृती, विणकाम, बाळसंगोपन यांवर लिहावं, ही अपेक्षा आजही आहे. त्या विषयांना आम्ही कमी लेखत नाही. पण तानुबाई कायदेमंडळावर लिहीत होत्या, आणि तेव्हा या देशातल्या बाईला कायदेमंडळासाठी साधं मत देण्याचाही अधिकार नव्हता. मुंबई इलाख्यात स्त्रियांना तो मर्यादित स्वरूपात मिळाला १९२१ साली.

‘पहिल्या’ की काय?

सोशल मीडियावर तानुबाईंच्या जयंती-स्मृतीच्या पोस्ट फिरतात. त्यांत ‘भारतातल्या पहिल्या महिला संपादक’ असं लिहिलेलं असतं. आपण अभ्यास करणारी माणसं आहोत, तेव्हा हे नीट तपासून घ्यायला हवं. बंगालमध्ये स्वर्णकुमारी देवी यांनी १८८४पासून ‘भारती’ या मासिकाचं संपादन केलं. हेमंतकुमारी देवी यांनी १८८८ साली ‘सुगृहिणी’ हे हिंदी मासिक काढलं. त्यामुळे देशातल्या सर्वांत पहिल्या महिला संपादक असा सरसकट दावा टिकत नाही.

मग तानुबाईंचं वेगळेपण कशात? वर सांगितलेली दोन्ही मासिकं साहित्य, संस्कृती किंवा गृहजीवनाशी जोडलेली होती. तानुबाईंनी चालवलं ते शूद्रातिशूद्रांच्या चळवळीचं राजकीय-सामाजिक साप्ताहिक. चळवळीच्या मुखपत्राची संपादक, तीही विधवा झाल्यावर आणि सलग सहा वर्षं, हे त्यांचं स्थान आहे आणि ते कोणी हिरावून घेऊ शकत नाही. चुकीचा दावा केला की विरोधक एका तारखेने तो पाडतात आणि त्याबरोबर खरं कामही झाकोळतं. म्हणून मोठेपणा ‘पहिली’ या शब्दावर टांगू नये. तो कामावर उभा करावा.

त्याच वर्षांतलं नागपूर

आता आपल्या गावाकडे येऊ. तानुबाई मुंबईत ‘दीनबंधू’ चालवत होत्या त्याच काळात नागपुरात किसन फागूजी बनसोडे उभे राहत होते. १८७९ साली मोहपा येथे जन्मलेले बनसोडे कवी, शिक्षक, संघटक आणि पत्रकार होते. १९१० साली त्यांनी ‘निराश्रित हिंद नागरिक’ काढलं. पुढे ‘विटाळ विध्वंसक’, ‘मजूर पत्रिका’ आणि १९३१ साली ‘चोखामेळा’ ही पत्रं त्यांच्या नावावर आहेत. स्वतःचा छापखाना असल्याशिवाय स्वतःचा आवाज टिकत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं.

या कामात त्यांच्या पत्नी तुळसाबाई यांचा वाटा होता. बनसोड्यांच्या चार पत्रांची नावं आपल्यातले बरेच कार्यकर्ते घडाघडा सांगतात. तुळसाबाईंचं नाव किती जण सांगतात? छापखाना घरातला असला की घरातली बाई त्यात राबतेच. खिळे जुळवते, घड्या घालते, येणाऱ्याजाणाऱ्या कार्यकर्त्यांना जेवू घालते. तिच्या त्या कामाला ‘मदत’ म्हणतात. तेच काम पगार देऊन दुसऱ्याकडून करून घेतलं तर त्याला ‘नोकरी’ म्हणतात.

पत्राला वाचक लागतो, आणि वाचक शाळेत घडतो. नागपुरात जाईबाई चौधरी यांनी ते काम केलं. उमरेडकडच्या या बाईने डोक्यावरून ओझी वाहून पोट भरलं, त्यातच शिक्षण घेतलं, जातीवरून होणारा अपमान सोसला आणि १९२२ साली नागपुरात चोखामेळा मुलींची शाळा काढली. छापणारी तुळसाबाई आणि वाचणाऱ्या मुली घडवणारी जाईबाई, या दोघींना एकत्र पाहिलं तरच नागपूरच्या चळवळीचं चित्र पुरं होतं.

याचं फळ २० जुलै १९४२ रोजी दिसलं. नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. बाबासाहेबांनी स्वतः या परिषदेत भाषण केलं आणि हजारोंच्या संख्येने जमलेल्या स्त्रिया पाहून समाधान व्यक्त केलं. एवढा समुदाय हवेतून जमत नाही. त्यामागे तीस-पस्तीस वर्षांच्या शाळा, सभा आणि पत्रं असतात.

स्वतःचं माध्यम का लागतं

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केला. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. ‘मूकनायक’ निघत असल्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’ तयार झाला नाही, हा इतिहास आपल्याला पाठ आहे. पण त्यापुढचा भाग आपण कमी सांगतो. ‘मूकनायक’ तीन वर्षांत बंद पडला. ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू झालेलं ‘बहिष्कृत भारत’ १९२९ साली थांबलं. खुद्द बाबासाहेबांना पत्र चालवताना पैशांची चणचण सोसावी लागली. पुढे १९३० साली ‘जनता’ आली आणि ४ फेब्रुवारी १९५६ रोजी तिचंच ‘प्रबुद्ध भारत’ झालं.

याचा अर्थ एवढाच की माध्यम विचारावर उभं राहतं आणि वर्गणीवर जगतं. आजचे तरुण मोबाइलवर चॅनल उघडतात. शिशाचे खिळे नाहीत, टपालखर्च नाही, जामीन नाही. तरी बहुतेक चॅनल वर्षभरात थंडावतात, कारण कॅमेऱ्यासमोर बोलायला सगळे तयार असतात आणि हिशेब ठेवायला कोणी नसतं. ३१ जानेवारी २०२१ रोजी मीना कोतवाल यांनी दिल्लीतून ‘द मूकनायक’ हे पोर्टल सुरू केलं. बाबासाहेबांच्या पत्राचं नाव आणि तारीख घेऊन एक बाई पुन्हा उभी राहिली. अशा प्रयत्नांना आपण ‘लाइक’ देतो. पण त्यांची वर्गणी भरतो का?

नावं कोणी जपली

तानुबाई, तुळसाबाई, जाईबाई यांच्याविषयी आज जे बोलता येतं, त्याचं मोठं श्रेय बायकांनीच केलेल्या संशोधनाला आहे. १९८९ साली ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक आलं. दोघींनी गावोगावी फिरून आंबेडकरी चळवळीतल्या वयोवृद्ध कार्यकर्त्यांच्या मुलाखती घेतल्या, जुन्या पत्रांतले उल्लेख शोधले आणि नाव-गावासह नोंदवले. २००८ साली वंदना सोनाळकर यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला. त्याआधी १९८१ साली नागपूरच्या कुमुद पावडे यांचं ‘अंत:स्फोट’ आलं होतं. संस्कृत शिकलेल्या दलित बाईचा अनुभव त्यातून प्रथमच मराठी वाचकांसमोर आला.

सामाजिक काम करताना आम्हाला वस्तीतल्या पेट्यांत, माळ्यांवर बांधून ठेवलेल्या जुन्या अंकांच्या चळती दिसतात. आजोबा गेले की त्या रद्दीत जातात. एका घरी आम्ही पोहोचलो त्याच्या आदल्याच आठवड्यात सगळं किलोने विकलं गेलं होतं. त्या घरातल्या आजी म्हणाल्या, “मी तर ते कागद रोज पुसत होते बाई, कोणी विचारलंच नाही.” त्या कागदांत काय होतं ते आता कळणार नाही. पण ते चाळीस वर्षं कोणी जपले होते, ते कळलं.

आपल्याला काय करता येईल

अभ्यासगटांसाठी आम्ही तीन साधी कामं सुचवतो.

एक, आपापल्या वस्तीत कोणाकडे चळवळीची जुनी पत्रं, स्मरणिका, हँडबिलं आहेत त्याची यादी करा. मोबाइलने पानन् पान फोटो काढा. तारीख आणि अंक क्रमांक दिसेल अशी काळजी घ्या. मूळ कागद त्या कुटुंबाकडेच राहू द्या.

दोन, ज्यांच्या घरात छापखाना, पुस्तकाचा स्टॉल किंवा नियतकालिक होतं त्या घरातल्या बायकांशी वेगळं बसून बोला. ‘तुमच्या नवऱ्याने काय केलं’ असं विचारू नका. ‘तुम्ही दिवसभरात काय काय करायच्या’ असं विचारा. दोन्ही प्रश्नांची उत्तरं वेगळी येतात, हा आमचा अनुभव आहे.

तीन, आज जे काही काढाल, भित्तिपत्रक असो, स्मरणिका असो, यूट्यूब चॅनल असो, त्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाचं नाव कामासह लिहा. टाइप केलं कोणी, कॅमेरा धरला कोणी, पैसे गोळा केले कोणी. आणि संपादक, प्रकाशक म्हणून मुलींची नावं द्या. ती नुसती नावापुरती नकोत, त्यांच्या हाती खरा अधिकार आणि वहीखातं असू द्या.

दीक्षाभूमीवरून परतताना ज्या मुलीने तो प्रश्न विचारला होता, तिने आपल्या वहीच्या शेवटच्या पानावर एक नोंद केली : ‘तानुबाई बिर्जे, संपादक, दीनबंधू, १९०६ ते १९१२.’ आता गटाचं त्रैमासिक काढायचं ठरलं आहे. पहिल्या अंकाच्या छपाईसाठी वर्गणी गोळा करायची जबाबदारी तिनेच घेतली आहे. पावतीपुस्तकही तिच्याकडेच आहे.

जयभीम.